पहिल्या पंगतीचे तवे

काळ्या टेपचा तो तुकडा शालिकदादांनी स्वतःच्या हातानं गुंडाळला होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं जे झालं त्याचं खापर कोणी साडेसातीवर फोडेल, कोणी विजेवर, आणि गोपाळरावांसारखा माणूस सरळ रेडिओवर. गोपाळरावांनी ते एकदा फोडूनही पाहिलं होतं. ते ओघात येईलच.

शहात्तर सालची लग्नसराई आटोपली तेव्हा नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या शालिकदादांच्या ‘जया साउंड सर्व्हिस’चं तवे, म्हणजे रेकॉर्डी, वाजवायचं मशीन पार दमलं होतं. गावोगावच्या मांडवांतली धूळ, हळदीचे हात, आणि नवरदेवाच्या दोस्तांचं ‘तेच गाणं पुन्हा लावा जी’. या मशीनच्या पोटात मोटरची एक बारीक दांडी असते. ती एका रबरी चाकाला फिरवते, आणि ते चाक वरच्या ताटाला. हे चाक झिजून गुळगुळीत झालं होतं. तवा ठेवला की ताट मध्येच अडखळे, आणि चांगली खणखणीत गाणारी बाई झोपेत बरळल्यासारखी बरळू लागे. नवं चाक मुंबईहून यायचं होतं, पण शालिकदादा वाट पाहणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वायरिंगच्या पेटीतून काळी टेप काढली आणि दांडीला एक वेढा दिला, वर आणखी अर्धा. चाकाला पकड आली, ताट फिरू लागलं. दांडी केसभर जाड झाली म्हणजे ताटही थोडं जोरात फिरणार, हे मात्र त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही. सुई टेकवली, आणि गाणं असं टवटवीत निघालं की आतून त्यांच्या पत्नी रुखमाबाई ओरडल्या,

“नवं मशीन आनलं का जी?”

“नवं कायले पाह्यजे? हात लागते फक्त!”

पुढं मुंबईचं चाकही आलं, ते बसलं. टेप मात्र तिथंच राहिली, आणि शालिकदादा तिला साफ विसरले.

शालिकदादा मूळ उमरेडकडचे. घरची शेती भाऊ करायचा. बैलांच्या मागं चालताना आपलं सगळं लक्ष घुंगरांकडेच जातं, हे लक्षात आल्यावर ते स्वतःच नागपुरात निघून आले, असं ते सांगत. भाऊ म्हणे, आम्हीच त्याला पाठवला, नांगराचं तास वाकडं जात होतं म्हणून. दोन भोंगे, एक मशीन आणि मुलीचं नाव रंगवलेली पाटी एवढ्यावर त्यांनी धंदा उभा केला. पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे कान. गाणं ऐकताना ते डावा डोळा मिटत आणि उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून बसत. पाळी सुटली की गाणं पास. तळहात वर झाला की सुई उचला, पुढचं ऐकायची गरज नाही.

दर महिन्याला मुंबईहून नवे मोठे तवे इतवारीतल्या दुकानात उतरत. दुकानदार ते आधी शालिकदादांकडे पाठवी. रविवारी सकाळी पोहे-तर्री खाऊन मंडळी दुकानापुढच्या पत्र्याखाली जमत आणि दोन्ही बाजू ऐकून तव्यांची पंगत लावत. पहिल्या पंगतीला कोण, दुसऱ्या पंगतीला कोण, आणि पत्रावळी उचलायला कोण. निकाल खडूनं पाटीवर. ती पाटी आठवडाभर बाहेर लटके, आणि सायकलीवरून जाणारे लोक उतरून ती वाचत. तव्यांची छापील नावं कोणी घेत नसे. कव्हरवर जे चित्र तेच नाव. घोड्याचं चित्र असेल तो घोडेवाला. त्या पावसाळ्यात मेणबत्तीवाली आली. गझलांचा तवा, कव्हरवर एक बाई मेणबत्तीकडे बघत बसलेली.

“वा! क्या बात!” गोपाळराव मांडीवर थाप मारून म्हणाले. गोपाळराव प्रतापनगरहून सायकल हाणत यायचे. ट्रेझरीत कारकून, आणि गझल म्हटलं की डोळ्यांत पाणी. आजवर शालिकदादांनी त्यांच्या एकाही गझलेला दुसऱ्या पंगतीच्या वर चढू दिलं नव्हतं. गझल म्हणजे दादांच्या मते अर्ध्या जेवणात लागलेली डुलकी. पण ही मेणबत्तीवाली! दुःखाचं गाणं, पण काय चटपटीत दुःख!

शालिकदादांनी कानाची पाळी सोडली. “पहिली पंगत.”

“दादा, तुमाले बरं नाही का आज?” भैयाजींनी विचारलं. भैयाजी म्हणजे ‘भैयाजी आणि पार्टी’ या ऑर्केस्ट्राचे मालक आणि पेटीवाले. टोपी कपाळावर आणि बोटं कायम हवेत पेटी वाजवत असलेली.

“बरं हाय म्हनूनच तं पहिली पंगत. ह्या बाईत जान हाय गा.”

त्याच दिवशी घोडेवाला पत्रावळी उचलायला गेला. नाचाची गाणी होती. इथं ऐकताना नाचणाऱ्यांचे पाय तुटतील असं वाटे. “याच्यामांगं कुत्रं लागलं का?” असं शालिकदादांनी विचारलं आणि खडू मोडला. आणि मिशीवाल्याची तर फजितीच झाली. कव्हरवर ही एवढी पीळदार मिशी, आणि आवाज निघाला नुकताच फुटू लागलेल्या पोराचा. भैयाजी म्हणाले, “मिशी बापाची असन, आवाज पोराचा. फोटो चुकला.” हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तव्याचं कव्हर फाटलं होतं म्हणून दुकानदारानंही परत घेतला नाही. तो भोंग्याच्या मागं पडून राहिला.

एक गोष्ट मंडळींच्या ध्यानात आली होती. हीच गाणी रेडिओवर लागली की मेल्यासारखी लागत. मग काय, गोपाळरावांनी सरकारी वळणाच्या अक्षरात रेडिओ केंद्राला कार्ड टाकलं: ‘आपल्याकडील यंत्र मंद चालते, असे आमच्या मंडळाचे एकमत झाले आहे. कृपया दखल घ्यावी.’ उत्तर आलं नाही. “शरमले,” गोपाळराव म्हणाले.

गणपती जवळ आले. भैयाजींच्या पार्टीतली गाणारी बाई लग्न होऊन रायपूरला गेली होती. नव्या बाईसाठी भैयाजींचा नियम साधा होता: पहिल्या पंगतीतलं गाणं शालिकदादांसमोर म्हणायचं. लोकांना तव्यासारखं ऐकायचं असतं, आणि तव्यासारखं कोणतं हे दादांचा कान सांगेल.

प्रेमिला आली ती बालवाडीतून, हाताला खडूची पूड तशीच. सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या वस्तीत ती पोरांना गाणी शिकवायची. वय विशीच्या आसपास, मान ताठ. भैयाजींनी पेटी पुढं ओढली. तिनं काळी एक पट्टी मागितली.

“काळी एक?” भैयाजी थबकले. “तवा तं पांढरी दोनमध्ये हाय.”

“मी काळी एकमध्येच बसवलं जी. तसंच ऐकलं.”

ती मेणबत्तीवालीची गझल गाऊ लागली. आवाज गोड होता, आणि त्या गोडपणात कुठं तरी एक खरखर होती, घरच्या गुळाला असते तशी. गोपाळराव मांडीवर थाप मारायला हात उचलून तसेच राहिले. शालिकदादांनी कानाची पाळी धरली होती. डावा डोळा मिटला होता. आणि उजव्या डोळ्यात कोडं होतं, कारण त्यांना आवडून राहिलं होतं, आणि कान सांगून राहिला होता की हे चूक आहे. सूर खाली. चाल संथ. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या, म्हणजे शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी शालिकदादांचा तळहात वर झाला.

प्रेमिला थांबली.

“गळा चांगला हाय पोरी. पन तू गानं ओढून राहिली. अन् एक सूर खाली. ऐक.” त्यांनी मेणबत्तीवाली लावली. खरंच, तवा एक सूर वर, आणि टाच उचलून चाललेला. फरक आंधळ्यालाही दिसला असता.

“कुठं ऐकलं तू?” भैयाजींनी विचारलं.

“रेडिओवर.”

“रेडिओवर!” सगळा पत्रा हसला. गोपाळरावांनी तर कार्डाची गोष्ट सांगायला सुरुवातही केली.

प्रेमिलाचे कान लाल झाले. पण ती म्हणाली, “दादा, तुमचा तवाच धावून राहिला नाही ना, तेवढं पाहून घ्या.”

हसू एकदम बंद पडलं. सक्करदऱ्यात शालिकदादांच्या कानाला असं कोणी म्हटलं नव्हतं.

“तवा धावते?” शालिकदादा म्हणाले. “तू चालते हळू, अन् तवा धावते? जा वं पोरी, पोरायले शिकव.”

तिनं चपला घातल्या. पायरीवरून वळून म्हणाली, “माझं शेवटचं कडवं तुम्ही ऐकलंच नाही. ते तुमच्याकडं उधार राहिलं, दादा.”

भैयाजींनी दुसरी बाई घेतली. तिनं तव्याबरहुकूम, पांढरी दोनमध्ये, धावत गाणं म्हटलं, आणि विसर्जनाच्या आधीच तिचा गळा बसला. भैयाजींनी उरलेलं निव्वळ पेटीवर भागवलं. तरीही कोणाला संशय आला नाही. संशय येण्यासाठी दुसरं मशीन शेजारी लागतं.

ते मशीन आलं तुळशीच्या लग्नानंतर, बुटीबोरीकडच्या एका खेड्यात. नवरदेवाकडून शालिकदादांचे भोंगे, नवरीकडून चंद्रभानचे. चंद्रभान तरुण, धंद्यात नवा, केसांना तेल आणि डोळ्यांत खोड. जेवणावळी चालू होत्या आणि दोन्ही भोंगे एकमेकांवर भुंकत होते. एका म्हाताऱ्यानं हात जोडले: एक कोणीतरी लावा जी, डोकं फुटून राहिलं.

“त्यापरीस असं करू,” शालिकदादा म्हणाले. “माझ्याजवळ मेणबत्तीवाली हाय, तुझ्याजवळही हाय. दोघं एकदमच लावू. एकच गानं, दोन भोंगे. मांडव भरून जाईन.”

कल्पना सगळ्यांना आवडली. चंद्रभाननं बोट वर केलं, दोघांनी सुई टेकवली.

पहिल्याच ओळीला दोन भोंग्यांतून दोन सुरांची अशी झटापट निघाली की पंगतीतल्या लोकांचे हात पानातच थांबले. वाढणाऱ्या बाईच्या हातून वरणाची पळी सांडली. बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले. आणि बघता बघता शालिकदादांची बाई पुढं निघाली. चंद्रभानची बाई ‘आता’ म्हणे तोवर हिचं ‘गेले’ होऊन जाई. शेवटी शालिकदादांच्या भोंग्यातलं गाणं संपलं, सुई खरखरू लागली, आणि पलीकडून चंद्रभानची बाई एकटीच शांतपणे शेवटची ओळ म्हणत राहिली. सगळा मांडव हसला.

“तुझं मशीन उपाशी हाय रे!” शालिकदादा ओरडले.

“असन. मग उघडा दोघांची झाकनं.”

उघडली. चंद्रभानच्या मोटरची दांडी लख्ख होती, चांदीच्या काडीसारखी. शालिकदादांच्या दांडीवर काळ्या टेपचा दीड वेढा होता, कडेला धूळ बसलेला, वापरून गुळगुळीत झालेला.

शालिकदादा त्याच्याकडे बघत राहिले. आपल्याच घरात आपल्याच खाटेवर अनोळखी माणूस झोपलेला दिसावा तसं त्यांना झालं. ती टेप कोणाची, हे आठवायला काही क्षण लागले. मग रुखमाबाईंची हाक आठवली: नवं मशीन आनलं का जी? हात आपोआप कानाकडे गेला, आणि पाळी धरायच्या आधीच खाली आला.

चंद्रभान हसायचा थांबला. हळूच म्हणाला, “दादा, आपल्या धंद्यात असं होते. मी कोनाले सांगत नाही. काढून टाका, झालं.”

शालिकदादांनी टेप काढली. फेकायला हात उचलला, आणि कोण जाणे का, खिशात टाकली.

पुढच्या रविवारी मंडळी जमली. शालिकदादांनी मेणबत्तीवाली लावली. गाणं निघालं, जसं मुंबईला बाईनं म्हटलं होतं तसं. गोपाळराव ताडकन उठले.

“दादा! बंद करा! बाई बेशुद्ध पडून राहिली!”

“मशीन बिघडलं,” भैयाजी म्हणाले. “चाक पाहा, चाक.”

“अरे पहिल्या पंगतीचा तवा हाय हा, अन् असं? दुरुस्त करा दादा, मनाले नाही सोसत!”

शालिकदादांच्या मनात आलं, किती सोपं आहे. पुन्हा दीड वेढा द्यावा, मंडळी खूश, पाटी कायम, कान कायम. त्यांनी आत पाहिलं. रुखमाबाई दारात उभ्या होत्या. लग्नातली हकीकत दादांनी त्यांना सांगितली होती. रुखमाबाईंचं नुसतं उभं राहणं शालिकदादांना कधीच झेपलं नव्हतं.

त्यांनी खिशातून टेप काढली. आता तिला खिशातली सुपारीची भुकटी आणि धागे चिकटले होते. ती त्यांनी मेणबत्तीवालीच्या कव्हरवर ठेवली.

“मशीन आज बरं झालं गा,” ते म्हणाले. “आजारी तं आतापावतर होतं. हे मीच गुंडाळलं होतं, उन्हाळ्यात. तवा धावत होता. सगळेच तवे धावत होते.”

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. गोपाळराव बसले ते बाकाऐवजी पायरीवर.

“म्हंजे... माझी गझल?”

“चटपटीत नव्हती. आपन तिले पळवली.”

“अन् घोडेवाला?”

“त्याच्यामांगं कुत्रं नव्हतं. आपनच होतो.”

“अन्... अन् माझं कार्ड?” गोपाळरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “बाप्पा! सही केली मी त्याच्यावर! हुद्द्यासकट!”

एरवी यावर हशा पिकला असता. कोणी हसलं नाही. महिन्यामागून महिने पोहे खाऊन, घसा ताणून, एकमेकांशी अबोला धरून लावलेल्या त्या सगळ्या पंगती डोळ्यांसमोरून उठून जात होत्या. शालिकदादांनी भोंग्यामागून मिशीवाला काढला, धूळ पुसली, ठेवला. आणि आवाज निघाला. खोल, जाड, विहिरीच्या तळाशी बादली टेकावी तसा. डोक्यावरचा पत्रा गुणगुणू लागला. भैयाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“अन् याले आपन पोट्टा म्हटलं,” ते पुटपुटले. तवा संपला तरी टोपी तशीच मांडीवर. मग एकदम त्यांचं तोंड उघडं पडलं. “दादा... त्या पोरीनं काळी एक मागितली होती.”

शालिकदादांना ते मांडवातच आठवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते उठले. त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीत गेले.

पोरांच्या गराड्यात, गुडघे हनुवटीला लावून, एका बुटक्या पाटावर बसून त्यांनी प्रेमिलाला सगळं सांगितलं. टेपही दाखवली. ती टेपकडे पाहत राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा होत गेला. शालिकदादांना वाटलं, आता ती हसेल किंवा शिव्या देईल. दोन्हींची तयारी होती.

“मग मी बरोबर होते?”

“हाव.”

“मी तं...” तिनं पोरांकडे पाहिलं. “मी यांची गाणीही एक सूर चढवून घेऊन राहिली होती दादा. आपला कानच खाली हाय समजून. पोरं ओरडून ओरडून खोकलतात. माय त्यांच्या भांडायले येतात.”

शालिकदादांनी टेप मुठीत दाबली. एका टेपनं आपलं नाक कापलं एवढंच ते धरून चालले होते. ती टेप तलावापलीकडच्या पोरांच्या घशापर्यंत पोचली असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मग ते म्हणाले, “ते कडवं... आता म्हनते का? मी ऐकतो.”

“इथं?” तिचा रंग थोडा परत आला. “थांबवलं सगळ्यांसमोर, अन् ऐकणार कोपऱ्यात? रविवारी येईन.”

रविवारी पत्र्याखाली उभं राहायला जागा नव्हती. प्रतापनगरची आणखी माणसं गोपाळरावांनी आणली होती. प्रेमिलानं काळी एक मागितली, आणि भैयाजींनी ती अशी दिली जशी पाटावर बसलेल्या पाहुण्याला पाणी द्यावं. तिनं पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. गोपाळराव उघडउघड रडत होते. शालिकदादांनी या वेळी कानाला हात लावला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हात मांडीखाली दाबून बसले होते, चुकून वर जायला नको म्हणून.

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी ती आली. श्वास घेतला. आणि स्वतःचाच तळहात वर केला, हुबेहूब शालिकदादांसारखा.

पेटी थांबली.

“बस्स,” ती म्हणाली. “इथवरचं फिटलं. पुढलं उधार राहू द्या दादा. फेडून घेतलं तं तुम्ही पुन्हा कायले तरी काही गुंडाळसान.”

मग जो हशा उठला त्यात शालिकदादांचाही होता, सगळ्यांच्या नंतर आलेला. भैयाजींनी तिथल्या तिथं शिवरात्रीच्या कार्यक्रमाचं तिला सांगितलं.

आता प्रेमिला भैयाजींच्या पार्टीत गाते. मेणबत्तीवाली लोक हटकून मागतात. जिथं भोंगे शालिकदादांचे असतात तिथं ती दोन कडवी म्हणते, मशीनजवळ बसलेल्या त्यांच्याकडे पाहून तळहात वर करते आणि पुढच्या गाण्याला लागते. भोंगे चंद्रभानचे असले की गाणं पुरं होतं, असं लोक सांगतात. तव्यावर ते कडवं आहेच, म्हणाल तर दर रविवारी वाजतं. पण शालिकदादा ते मोजत नाहीत.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला तेव्हा प्रेमिलानं सगळं गाणं म्हटलं. रुखमाबाई तिथं होत्या. घरी आल्यावर शालिकदादांनी भोंग्याची वायर गुंडाळता गुंडाळता, जसं काही सहजच, विचारलं,

“कसं म्हनते वं ते शेवटचं?”

रुखमाबाईंनी वाणाचा वाटा फडताळात ठेवला.

“मी काहून सांगू?” त्या म्हणाल्या. “उधारी तुमची हाय.”